पाणबुड्याचा राखीव श्वास

समुद्राच्या तळाशी जाण्याची ओढ मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. मोती, पोवळी, शंख, बुडालेल्या गलबतांतील द्रव्य आणि कधी केवळ कुतूहल, अशा नाना कारणांनी तो पाण्यात उतरत आला. त्याच्या वाटेतला मुख्य अडसर एकच होता, आणि तो म्हणजे श्वास. पाणबुड्याच्या साधनांचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो तो या अडसरावर मिळविलेल्या विजयांचा. कोण किती खोल गेला, किती वेळ राहिला, कोणते यंत्र कोणी शोधले, हे त्यात सांगितलेले असते. परंतु या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. हवेचा पहिला पुरवठा खंडित झाला तर दुसरा कोठून मिळावयाचा, या प्रश्नाची ती बाजू होय. ती कमी सांगितली जाते. आणि आज नव्याने बुडी शिकून साधने निवडू पाहणाऱ्या माणसाला मात्र तिचीच अधिक गरज आहे.

मन्नारच्या आखातात मोत्यांसाठी बुडी मारणारे पाणबुडे शतकानुशतके कोणत्याही यंत्रावाचून काम करीत. पायाशी जड दगड, कमरेला वा हाताशी दोर आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास, एवढीच त्यांची सामग्री. मात्र तो पाणबुड्या एकटा नसे. वर होडीत त्याचा सोबती दोर धरून बसलेला असे. खालून हिसका येताच दोर ओढणे हे त्याचे काम. पाणबुड्यापाशी राखीव हवा नव्हती, पण त्याला हवेपर्यंत परत आणणारा दुसरा मनुष्य होता. साधे असले तरी हे तत्त्व पुढील सर्व यंत्रांहून जुने आहे, आणि त्यांच्या कथेत ते पुनःपुन्हा डोके वर काढते.

यंत्रयुगाच्या आरंभी या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत एडमंड हॅले याचे नाव प्रथम घ्यावे लागते. धूमकेतूमुळे सर्वपरिचित झालेल्या या खगोलशास्त्रज्ञाने इसवी सन १६९१ च्या सुमारास एक पाणघंटा सिद्ध केली. तोंड खाली असलेले मोठे लाकडी भांडे, तळाशी शिशाचे वजन आणि आत बसलेली माणसे, अशी तिची रचना. पाणघंटा ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. हॅलेची थोरवी निराळ्याच गोष्टीत आहे. आतली हवा श्वसनाने दूषित होते, यास्तव ती बदलत राहिली पाहिजे, हे जाणून त्याने शिशाने जड केलेली दोन पिंपे योजिली. एक पिंप हवेसह खाली येई तेव्हा दुसरे वर जाई. खोल पाण्याच्या दाबाने पिंपातील हवा चामड्याच्या नळीतून घंटेत शिरे. सुमारे दहा वाव खोलीवर आपण इतर चौघांसह दीड तासाहून अधिक वेळ राहिल्याचे हॅलेने नमूद केले आहे. विहिरीवरच्या दोन पोहऱ्यांसारखी ही युक्ती साधीच, परंतु हवा एकाच साठ्यावर विसंबून ठेवू नये, हा विचार तीत स्पष्ट दिसतो.

एकोणिसाव्या शतकात घंटेची जागा शिरस्त्राणाने घेतली. मूळचा जर्मन, पण लंडनमध्ये स्थायिक झालेला ऑगस्टस सीबे याने १८३० नंतरच्या दशकात तांब्याचे शिरस्त्राण आणि त्याला घट्ट जोडलेला जलाभेद्य पोशाख तयार केला. वर नावेत पंप चालविणारी माणसे असत आणि त्यांनी ढकललेली हवा लांब नळीतून पाणबुड्याच्या मस्तकाशी पोचे. १७८२ मध्ये पोर्टस्मथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या इंग्रजी युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल पासली याने १८३९ मध्ये हाती घेतले, तेव्हा या पोशाखाची खरी कसोटी लागली. त्या मोहिमेने पुढील पाणबुड्यांना काही मोलाचे धडे दिले. पाणबुड्यांनी जोडीने उतरावे, ही पद्धत तेथे अवलंबिली गेली. एका पाणबुड्याची नळी अवशेषांत अडकली तेव्हा ती कापून टाकून त्याला तसेच वर यावे लागले. दुसऱ्या एकाची नळी फुटली आणि पोशाखातील हवेचा दाब एकाएकी उतरला. अशा वेळी भोवतालचे पाणी सगळे शरीर जणू शिरस्त्राणातच कोंबू पाहते. त्याला भयंकर इजा झाली. हवेच्या नळीच्या मुखाशी एकमार्गी झडप बसविण्याचे महत्त्व अशा अपघातांनी मनावर ठसले. या झडपेने नवी हवा मिळत नसे; परंतु नळी तुटली तरी शिरस्त्राणात असलेली हवा निसटून जाऊ नये, एवढे ती साधत असे. वर ओढले जाईपर्यंत काही क्षण पुरतील इतका श्वास तिने राखला.

हवा पाठीवर वाहून नेण्याची कल्पना फ्रान्समधील एस्पालियाँ या छोट्या गावी आकाराला आली. खाणीचा अभियंता बनवा रुकेरोल याने विषारी वायूने भरलेल्या खाणींत शिरता यावे म्हणून १८६० मध्ये एक नियंत्रक तयार केला. श्वास घेतला जाईल तेव्हाच, आणि लागेल तितकीच हवा त्यातून सुटे. १८६४ मध्ये नौदलातील अधिकारी ओग्युस्त देनेरूझ याच्या साहाय्याने तो पाणबुड्यांसाठी जुळवून घेण्यात आला. पाठीवर पोलादी डबा, वरून येणारी नळी त्या डब्यात आणि डब्यातून हवा तोंडात, अशी त्याची मांडणी होती. वरची नळी सोडून दिली तरी डब्यातील साठा काही मिनिटे पुरत असे. ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या कादंबरीतील पाणबुडे वापरतात ते यंत्र याचेच कल्पनेने वाढविलेले रूप होय. पाठीवरील साठा हा त्या काळी मुख्य पुरवठा नव्हता. मुख्य पुरवठा वरूनच येई. पाठीवरचा डबा अडचणीच्या वेळचा आधार होता. पुढच्या शतकात हाच आधार मुख्य होऊन बसला, आणि त्याच्यासाठी दुसरा आधार शोधण्याची पाळी आली.

दरम्यान एक वेगळी वाट चोखाळली गेली होती. इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूस याने १८७८ मध्ये शुद्ध प्राणवायूवर चालणारे आणि उच्छ्वासातील दूषित वायू शोषून घेणारे यंत्र बनविले. सेव्हर्न नदीखालील बोगद्यात १८७९ मध्ये पाणी शिरले. आतला लोखंडी दरवाजा बंद करण्यासाठी अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या अंधाऱ्या, जलमय बोगद्यातून सुमारे हजार फूट चालत गेला. हवेची लांब नळी ओढीत नेण्याचा पहिला प्रयत्न फसला होता. १८८० मध्ये फ्लूसचे यंत्र लावून त्याने ते काम तडीस नेले. नळीवाचून बुडी शक्य आहे, हे यातून सिद्ध झाले. परंतु प्राणवायू हा खोल पाण्यात विश्वासघात करतो. दाब वाढला की त्याच प्राणवायूने आकडी येऊ शकते, हे पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखविले होते. १९३९ साली ‘थेटिस’ ही इंग्रजी पाणबुडी बुडून ९९ जण मृत्यू पावले, त्यानंतर जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाबाच्या कोठडीत स्वतःवरच प्रयोग केले. प्राणवायूने आलेल्या आकडीत त्यांच्या मणक्यांना इजा झाली. १९५७ मध्ये भारतात येऊन पुढे भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तलेले हाल्डेन ते हेच. आज शुद्ध प्राणवायूची मर्यादा सुमारे ६ मीटर खोलीपर्यंत मानली जाते. सुट्टीत बुडी मारणारा नवशिक्या पाठीवर जे नळकांडे बांधतो, त्यात सामान्यतः साधी हवाच दाबून भरलेली असते. तिला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणण्याची सर्रास चाल आहे, ती चुकीची आहे.

फ्रेंच नौदलातील झाक-ईव्ह कूस्तो याला प्राणवायूच्या यंत्राचा असाच कटू अनुभव आला होता. सुमारे ४५ फुटांवर दोनदा त्याला आकडी आली. १९४२ च्या डिसेंबरात, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, त्याची एमिल गान्याँ या अभियंत्याशी गाठ पडली. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी ज्वलनवायूवर चालविण्यासाठी गान्याँने एक स्वयंचलित झडप तयार केली होती. तीच पाणबुड्याच्या कामी आली. मार्न नदीतील पहिल्या परीक्षेत तिचा दोष दिसून आला. उभे राहिले की हवा व्यर्थ उसळून जाई आणि डोके खाली केले की ती जवळजवळ बंद होई. उच्छ्वास सुटण्याची जागा हवा येण्याच्या जागेशेजारीच आणताच तो दोष नाहीसा झाला. १९४३ च्या उन्हाळ्यात भूमध्यसागरात कूस्तो प्रथमच माशाप्रमाणे मुक्तपणे विहरला. नळी नाही, दोर नाही, वर पंप मारणारी माणसे नाहीत. या यंत्राचे नाव ‘अ‍ॅक्वालंग’.

मनुष्याला समुद्रात एवढे स्वातंत्र्य यापूर्वी कधीच लाभले नव्हते. परंतु त्याच घटकेला मन्नारच्या आखातातील दोर धरणारा सोबतीही नाहीसा झाला, हे विसरून चालणार नाही. नळी तोडली गेली तशी वरच्या माणसांची सावधगिरीही तुटली. आता संकटकाळची तरतूद पाणबुड्यालाच आपल्याबरोबर वाहून नेणे भाग होते.

या नव्या अवस्थेचे धोके लवकरच प्रत्ययास आले. १९४६ च्या ऑगस्टात कूस्तो आणि त्याचा मित्र फ्रेडरिक द्यूमा हे दक्षिण फ्रान्समधील व्होक्ल्यूझच्या खोल झऱ्यात उतरले. काही वेळाने दोघांचीही बुद्धी बधिर झाली आणि ते मरणाच्या दारातून परतले. वर दोर धरून मोरिस फार्ग नावाचा सहकारी बसला होता. त्याने ओढून घेतले म्हणून ते वाचले. नंतर शोध घेता कळले की नळकांड्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. दोघांपाशी प्रत्येकी स्वतंत्र यंत्र होते, तरी दोघांची हवा एकाच उगमाची होती. म्हणून एकाला दुसऱ्याचा आधार होऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी, १९४७ च्या सप्टेंबरात, तोच मोरिस फार्ग १२० मीटर खोलीवर टांगलेल्या पाटीवर आपली सही करून बेशुद्ध झाला. वर ओढून आणला तेव्हा श्वासनळीचे टोक त्याच्या तोंडातून निसटून छातीवर लोंबत होते. नळकांड्यात हवा असून ती तोंडापर्यंत पोचली नाही. राखीव साठा आणि तो वापरण्याची शुद्ध या दोन भिन्न गोष्टी आहेत. फार खोलीवर नायट्रोजनच्या धुंदीने ही शुद्धच आधी हरपते.

यानंतरची तीस-चाळीस वर्षे राखीव हवेच्या निरनिराळ्या योजनांची आहेत. पहिली योजना नळकांड्याच्या मुखाशीच केलेली होती. आतला दाब दर चौरस इंचास सुमारे ३०० पौंडांपर्यंत उतरला की कमानीची एक झडप हवा रोखू लागे. श्वास जड झाला की पाणबुड्याने पाठीमागची सळई खाली ओढावयाची. मग उरलेली हवा मोकळी होई. एका अमेरिकन कंपनीच्या सूचिपत्रात या झडपेपुढे ‘जे’ हे अक्षर होते, म्हणून तिला ‘जे’ झडप हे नाव पडले. घरातल्या डब्यात तळाशी मूठभर धान्य वेगळे बांधून ठेवावे, तशी ही व्यवस्था. पण तीत एक मोठे वैगुण्य होते. वर असतानाच ती सळई नकळत खाली ओढली गेली असेल, तर राखीव भागही मुकाट्याने खर्च होई आणि पाणबुड्याला त्याचा पत्ता शेवटच्या श्वासापर्यंत लागत नसे. पुढे नळकांड्यातील दाब सतत दाखविणारा मापक प्रचारात आला आणि ‘जे’ झडप मागे पडली. आपल्यापाशी किती शिल्लक आहे हे आधी कळणे, ही अडचणीच्या वेळी गुप्त ठेव उघडण्याहून श्रेष्ठ तरतूद ठरली.

दुसरी योजना सोबत्याची. एकाची हवा संपली तर दोघांनी एकाच मुखनळीतून आळीपाळीने दोन-दोन श्वास घ्यावेत, असा पाठ बराच काळ सर्व शिष्यांकडून गिरवून घेतला जाई. उथळ, शांत तलावात तो सुंदर जमे. परंतु खोल पाण्यात गुदमरणाऱ्या माणसाने तोंडातली नळी सोडून ती दुसऱ्याला परत द्यावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला जड जाणारी होती. यावर उपाय निघाला तो यंत्ररचनेतील एका बदलामुळे. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड याने १९५२ मध्ये ‘पॉरपॉइझ’ नावाचा एकनळी नियंत्रक विक्रीस आणला. त्यात दाब उतरविण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा नळकांड्यावर आणि दुसरा तोंडाशी. पहिल्या टप्प्याला एकाऐवजी दोन नळ्या जोडणे यामुळे सहज शक्य झाले. या जादा मुखनळीला पाणबुडे ‘ऑक्टोपस’ म्हणतात. आज ती बहुतेक सर्वत्र रूढ आहे.

ऑक्टोपसविषयी नवशिक्याने एक मर्म ध्यानी धरावे. ही दुसरी मुखनळी त्याच नळकांड्याला आणि त्याच पहिल्या टप्प्याला जोडलेली असते. साठा संपला किंवा पहिला टप्पा बिघडला, तर दोन्ही नळ्या एकदमच निकामी होतात. म्हणजे आपल्या छातीवरचा ऑक्टोपस हा मुख्यतः सोबत्याचा राखीव श्वास होय. आपला राखीव श्वास सोबत्याच्या छातीवर असतो. तो सोबती हाताच्या अंतरावर असेल, तरच त्या तरतुदीला अर्थ.

तिसरी योजना पूर्णतः स्वतंत्र साठ्याची. तिचे शास्त्र मुख्यतः गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांनी घडविले, कारण डोक्यावर खडकाचे छत असल्याने त्यांना सरळ वर येण्याची सोय नसते. शेक एक्सली या अमेरिकन पाणबुड्याने गुहांतील अपघातांची छाननी करून १९७९ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. बाहेरपर्यंत अखंड मार्गदर्शक दोरी नसणे, परतीसाठी दोन-तृतीयांश हवा न राखणे आणि मर्यादेबाहेर खोल जाणे, हीच कारणे त्याला पुनःपुन्हा आढळली. एक-तृतीयांश जाण्यास, एक-तृतीयांश येण्यास आणि एक-तृतीयांश अकल्पितासाठी, हा नियम त्यामुळे सर्वतोमुखी झाला. मोकळ्या समुद्रातील पाणबुडेही आता मुख्य नळकांड्याच्या कडेला स्वतःचा नियंत्रक असलेले छोटे नळकांडे बाळगू लागले. त्याला ‘पोनी’ म्हणतात. त्याहूनही आटोपशीर, हातात मावेल असे श्वासयंत्रही बाजारात आले.

यांतील कोणते घ्यावे, याचा निर्णय साध्या अंकगणिताने होतो. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. घाबरलेला मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर हवा घेतो असे धरले, तर ३० मीटरवर त्याला १०० लिटर लागेल. अडचण ओळखून सावरण्यात एक मिनिट गेले, की हे १०० लिटर संपले. मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित गतीने वर येण्यास सव्वातीन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. त्या काळातला सरासरी दाब अडीचपट, म्हणून आणखी सुमारे २१० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटे थांबल्यास त्यात सुमारे ११० लिटरची भर. एकूण बेरीज ४२० लिटरच्या घरात जाते. हातात मावणाऱ्या श्वासयंत्राच्या मोठ्या आकारातही सुमारे ८५ लिटरच हवा असते. ३० मीटरवर ती मिनिटभरही पुरणार नाही. उलट ३ लिटरच्या पोनीत २०० पट दाबाने भरलेली हवा ६०० लिटर होते. १० मीटरच्या आतबाहेर फिरणाऱ्याला लहान साधनाचा काही उपयोग होईल. खोल जाणाऱ्याला त्याने केवळ खोटे समाधान मिळेल.

आता भारतातही या विद्येचा प्रसार झाला आहे. नौदलाचे पाणबुडे कोचीत शिक्षण घेतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० नंतरच्या दशकात द्वारकेच्या समुद्रतळाचे संशोधन केले, तेही पाठीवर हवा बांधूनच. मालवण-तारकर्लीपासून लक्षद्वीप आणि अंदमानातील स्वराज द्वीपापर्यंत सामान्य प्रवासीही आज पाण्याखाली उतरतो. पहिल्या बुडीत प्रशिक्षक त्याच्या लगत असतो आणि त्याच्या हवेची चिंता वाहतो. मन्नारचा दोर धरणारा सोबती तेथे नव्या रूपाने भेटतो. खरा प्रश्न येतो तो त्याच प्रवाशाने रीतसर शिक्षण घेऊन स्वतःची साधने घ्यावयाचे ठरविले, की तेव्हा.

दुकानदार त्याच्यापुढे रंगीत मुखवटे, पंख, मनगटी संगणक आणि नाना उपकरणे मांडील. त्याने आरंभी आपल्या चेहऱ्याला बसणारा मुखवटा आणि पायाला बसणारे पंख घ्यावेत, कारण ही साधने ज्याची त्यालाच नीट होतात. नियंत्रक निवडताना तो आपल्या गावाजवळ दुरुस्त करून मिळेल की नाही, हे त्याच्या झळाळीहून आधी पाहावे. आणि राखीव हवेच्या प्रत्येक साधनाविषयी या दीर्घ इतिहासाने शिकविलेले चार प्रश्न विचारावेत. हा साठा मुख्य साठ्याहून खरोखर वेगळा आहे काय? ज्या खोलीवर जावयाचे तेथून पृष्ठभागापर्यंत तो पुरेल काय? घाबरलेल्या हाताला तो न पाहता सापडेल काय? आणि त्यातली हवा कोणत्या कॉम्प्रेसरने भरली आहे?

या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तरी त्या साधनाचा अभ्यास उथळ पाण्यात वारंवार केल्यावाचून ते खोल नेऊ नये. पोनी बाळगली म्हणून सोबत्यापासून दूर जाण्याचा परवाना मिळत नाही, किंवा मापकाकडे दुर्लक्ष करण्याची सवलतही मिळत नाही. हॅलेच्या पिंपांपासून आजच्या पोनीपर्यंत साधने पुष्कळ बदलली. मात्र हवा संपण्याआधीच परत फिरणारा पाणबुड्या सर्वांत सुरक्षित, ही गोष्ट कोणत्याही यंत्राने बदललेली नाही.